तेवीस स्वच्छ ठसे

"तोंडाने श्वास घे आणि आकडा लिही," आई म्हणाली.

तिने स्टीलचा डबा उघडला, चिमट्याने आतली पिशवी उचलली आणि काट्यावर ठेवली. पिशवीत जवळच्या एका गावातल्या बाईचे, पाळीच्या पाच दिवसांत वापरलेले पॅड होते. पिशवीवर बाईचं नाव नव्हतं, नंबर होता. मी एका हाताने ओढणी नाकाशी धरली होती, दुसऱ्या हातात पेन.

"दोनशे अठरा."

"दोनशे अठरा."

"कोऱ्या पॅडचं वजन वजा कर. आत्ता कर. नंतर म्हणजे कधीच नाही."

मी वजाबाकी केली. आईने पिशवीचं तोंड बांधलं, ती बादलीत टाकली आणि पुढचा डबा ओढला. पोळ्या लाटताना तिचा चेहरा जसा असायचा, तसाच आताही होता.

"तुला किळस नाही येत?"

"कशाची?"

"या घाणीची."

"वास आहे," ती म्हणाली. "घाण नाही. पुढचा नंबर सांग."

तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. अक्षर बरं होतं, म्हणून नाताळच्या सुट्टीत आईच्या ऑफिसात रजिस्टरं उतरवून द्यायला जायचे. ऑफिस म्हणजे बसस्टँडमागचं एक भाड्याचं दुमजली घर. दारावर 'महिला आरोग्य संशोधन केंद्र' अशी पाटी होती. पाळीत फार रक्त जाणाऱ्या बायकांसाठी एक नवी गोळी निघाली होती. ती घेऊन रक्त किती कमी होतं, हे आसपासच्या अकरा गावांत मोजायचं काम चालू होतं. गावोगाव फिरून ते डबे गोळा करायचे, वजन करायचं, हातपाय बघायचे, कार्डावर लिहायचं, हे सगळं माझी आई करायची. सिस्टर एस्तेर भालेराव. मिशनच्या दवाखान्यात शिकलेली. गावातल्या बायका तिला इस्तरबाई म्हणायच्या. बाळंतपणाच्या खोलीतून ती या संशोधनात आली, त्याला नऊ वर्षं झाली होती.

केंद्राचे प्रमुख डॉक्टर मोघे वरच्या मजल्यावर बसत. ते जिन्यावरून डोकावले. रुमाल नाकाला.

"एस्तेरबाई, दार लावून घेत चला हो. वरपर्यंत येतं."

"लावलंय, सर. खिडकीतून येत असेल."

"मग खिडकी लावा." ते खाली आले, रक्ताच्या नळ्यांच्या फ्रीजमधून श्रीखंडाचा डबा काढला आणि वर गेले. त्या फ्रीजवर आईने चिठ्ठी चिकटवली होती: 'खाण्याचे पदार्थ ठेवू नयेत.' डॉक्टरांनी त्याखाली पेनने हसरा चेहरा काढून ठेवला होता.

रजिस्टरशेजारी कार्डांचा गठ्ठा होता. एक कार्ड वेगळं, कोपरा दुमडलेलं.

"हे उतरवायचं का?"

"ते राहू दे. सोमवारी तपासणीला मुंबईच्या मॅडम येताहेत, त्यांना दाखवायचंय."

"काय आहे त्यात?"

"द्वारका होती ना बोरखेडीची, तिचं आहे. दसऱ्याच्या आधी तिचा पाय सुजला होता. मी लिहिलंय, तारखेसकट. गोळी बंद करू का, म्हणून सरांना विचारलंय, तेही लिहिलंय. सर म्हणाले, बघू." आईने हातमोजे काढले. "दिवाळीत गेली ती. छातीत कळ आली म्हणे, आणि अर्ध्या तासात."

आईची एक पद्धत होती, ती इथे सांगायला हवी. कुठल्याही बाईला या अभ्यासात घ्यायचं तर आधी संमतीचा कागद भरायचा. आई तो ओट्यावर बसून मोठ्याने वाचायची. मग म्हणायची, आता तू मला सांग मी काय वाचलं ते. बाईने आपल्या शब्दांत सगळं परत सांगितलं, तरच आई शाईचा पॅड उघडायची. कित्येकदा मी तिच्याबरोबर गेले होते. द्वारकेकडेही. द्वारका हसून हसून कोसळत होती.

"पाठ झालं की इस्तरबाई! लगीन लागताना बी कुणी एवढं इचारलं नव्हतं."

"लग्नात नाही विचारलं म्हणून तर मी विचारते. हं, गोळी कधी घ्यायची?"

"पाळीच्या पयल्या दिवशी. आन् नको वाटली तर कवा बी सोडायची, कुनी काय म्हननार न्हाई."

"शाब्बास. दे डावा अंगठा."

अंगठा घेणं हेही काही सोपं नसायचं. त्या बायकांचे अंगठे उठतच नसत. विळा, माती, कापसाची बोंडं, उसाचं पाचट यांनी अंगठ्यांवरच्या रेघा झिजलेल्या, भेगा पडलेल्या. आई साबणाने धुवायची, खोबरेल चोळायची, पुसायची, मग दाबायची. तरी कागदावर एक काळा डाग आणि मधून गेलेल्या दोन-तीन पांढऱ्या भेगा. द्वारकेचा तीनदा घेतला होता. तिन्ही वेळा डागच आला.

शनिवारी सकाळी डॉक्टर मोघे कागदांचा एक गठ्ठा घेऊन खाली आले.

"एस्तेरबाई, एवढं करून टाका. संमतीचा नवा फॉर्म आहे. बोरखेडी आणि तांडा, तेवीस बायका. सोमवारी मॅडम येण्याआधी फाइलला लागले पाहिजेत."

आईने वरचा फॉर्म वाचला. मग एका ओळीवर बोट ठेवून मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने वाचलं. "या औषधाने पायात रक्ताची गाठ होऊ शकते. पाय सुजल्यास किंवा दुखल्यास गोळी तात्काळ बंद करावी." ती थांबली. "ही ओळ जुन्या फॉर्मात नव्हती."

"नाही. म्हणून तर नवा."

"हा कधी आला?"

"आला होता मागे."

"सोबतच्या पत्रावर जूनची तारीख आहे, सर."

डॉक्टरांनी ते पत्र काढून घेतलं.

"द्वारका दिवाळीत गेली," आई म्हणाली.

"त्याचा याच्याशी संबंध आहे असं कोण म्हणतं? पोस्टमार्टेम झालंय का? तुम्ही नर्स आहात, एस्तेरबाई, भावनेच्या भरात निष्कर्ष काढू नका. फॉर्मवर ऑगस्टच्या तारखा घातल्या आहेत मी. फक्त अंगठे राहिलेत."

"बायका ऊसतोडीला गेल्यात. चैत्रात येतील. आल्या की वाचून दाखवते आणि त्या दिवसाची तारीख घालून घेते."

"मॅडम परवा येताहेत."

"मग नाहीत म्हणून सांगा."

डॉक्टर हसले. त्यांचं हसणं छान होतं, सगळ्यांना आवडायचं. "बरं बाई. राहू द्या."

आईने डब्यांची पिशवी खांद्याला लावली. तिला साडेदहाच्या एसटीने दुसऱ्या एका गावी जायचं होतं. दारातून वळून ती म्हणाली, "लिदू, एवढं पान झालं की घरी जा."

मी घरी गेले नाही. पान संपलं तरी बसून राहिले, कारण डॉक्टर पुन्हा खाली आले आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"तुझी आई फार हट्टी आहे, लीदिया. चांगली आहे, पण हट्टी. आता बघ, सोमवारी कागद सापडले नाहीत तर पहिलं बोट कुणाकडे जाईल? फॉर्म भरून घेणं हे काम कुणाचं?"

"सिस्टरचं."

"हुशार आहेस. मी वाचवायला बघतोय तिला, आणि तिला ते कळत नाही. बायकांना तिने तोंडी सगळं सांगितलेलंच असतं. हा नुसता कागद आहे, बेटा."

मी पेनाला टोपण लावलं. त्यांनी शाईचा पॅड उघडला. फॉर्म त्यांनी शेवटच्या पानावर उलटून एकावर एक लावून ठेवले होते. नावं पहिल्या पानावर असतात. माझा हात त्यांनी हातात घेतला, स्पिरिटच्या बोळ्याने एकेक बोट पुसलं आणि पहिलं बोट स्वतः कागदावर वळवून दाखवलं. "असं. कडेकडेने. म्हणजे अंगठ्याएवढं रुंद येतं. दर कागदाला वेगळं बोट घे. पाचव्यानंतर पॅड पुन्हा ओला कर."

मग त्यांनी फ्रीजमधून श्रीखंड काढलं आणि उभ्याउभ्या चमच्याने खात मी लावलेले ठसे ते बघत राहिले. मधेच म्हणाले, "वा." चमचा चाटून पुसून त्यांनी खिशात ठेवला. त्यांच्या हाताला वेलदोड्याचा वास येत होता. तो मला त्या डब्यांच्या वासापेक्षा नकोसा झाला, पण ओढणी नाकाशी धरायला हात मोकळे नव्हते. तरी मी तेवीस फॉर्म पुरे केले. वेलदोड्याचा वास मला आजही चालत नाही.

शाई निघेना. लिंबू लावलं, रॉकेल लावलं, तरी नखांच्या कडांना जांभळं राहिलंच. रविवारी चर्चमध्ये मी हात ओढणीत घेऊन बसले. आईच्या डोक्यात ते दुमडलेलं कार्ड होतं. तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं.

सोमवारी अकराला मुंबईच्या राजाध्यक्ष मॅडम आल्या. पन्नाशीच्या, सुती साडीतल्या, घाईत असलेल्या. त्यांना दुपारी पुढच्या केंद्रावर जायचं होतं. मी रजिस्टरं आणून देत होते.

आईने वेळ घालवला नाही. पहिल्या पाच मिनिटांत तिने कार्ड टेबलावर ठेवलं.

"मॅडम, ही बाई दिवाळीत वारली. दसऱ्याच्या आधी पाय सुजला होता. मी लिहून दिलं होतं."

मॅडमनी चष्मा लावला, कार्ड पूर्ण वाचलं. "हे गंभीर आहे. डॉक्टर, हिला पायाच्या गाठीची कल्पना दिली होती?"

"अर्थात," डॉक्टर मोघे म्हणाले. त्यांनी फाइल उघडली आणि न शोधता एक फॉर्म काढला. "ऑगस्टमध्येच. सगळ्यांना दिली. हा द्वारकाबाईंचा. हा त्यांचा अंगठा. एवढं सांगूनही त्यांनी गोळी घेत राहायचं ठरवलं, त्याला आपण काय करणार?"

माझ्या हातात दोन रजिस्टरं होती. ती मी छातीशी धरली.

मॅडमनी तो फॉर्म पाहिला, मग बाकीचे चाळले. "तुमचे ठसे किती स्वच्छ आहेत हो! बाकीच्या केंद्रांवर नुसते डाग असतात. सिस्टर, हे तुम्ही घेता? मी सगळ्यांना हे दाखवणार आहे."

आईने हात पुढे केला. फॉर्म घेतला, खिडकीकडे वळवला. एक पाहिला, दुसरा पाहिला, पाच-सहा पाहिले.

"हे अंगठे बायकांचे नाहीत," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"आमच्या बायकांचे अंगठे उठत नाहीत, मॅडम. नऊ वर्षं घेतेय मी. त्यांच्या हातावर रेघा उरलेल्याच नसतात. या बघा रेघा. हे हात विळा न धरलेले आहेत."

"मग कुणाचे आहेत?"

आईने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिची नजर टेबलावरून वर आली. रजिस्टरांच्या कडेवर माझी बोटं होती. ती तिने पाहिली. नखं पाहिली. मग माझा चेहरा पाहिला. खोलीत पंखा चालू होता, त्याखाली कागद फडफडत होते, आणि कुणीतरी त्यांवर पेपरवेट ठेवला. आईने तोंड मिटलं.

"सिस्टर? कुणाचे?"

"ते मी सांगणार नाही. ज्याचे आहेत त्याने सांगावं."

डॉक्टर खुर्चीत मागे टेकले. आवाज खाली आणून, घरच्यासारखं बोलावं तसं म्हणाले, "मॅडम, राग मानू नका. सिस्टरचं वय तुम्हाला कळतंच आहे. आपण ज्यावर काम करतो तेच. पाळी जायच्या वेळेला झोप लागत नाही, संशय येतात, चिडचिड होते. मी कितीदा म्हटलं, रजा घ्या."

मॅडमनी आईकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, कणव होती. राग परवडला असता. अकरा गावांतल्या बायकांच्या रक्ताचा थेंबन् थेंब जिने मोजला, तिचं म्हणणं त्या खोलीत तिच्याच पाळीवर ढकलून निकालात निघत होतं.

"ही सिस्टरचीच मुलगी," डॉक्टर पुढे म्हणाले. "सुट्टीभर इथेच असते. विचारा हिला. काय गं लीदिया, इथे कधी काही गैर होताना पाहिलंस?"

मॅडम माझ्याकडे वळल्या. "घाबरू नकोस. पाहिलंस का काही?"

आई माझ्याकडे पाहत नव्हती. ती द्वारकेच्या कार्डाकडे पाहत होती. तिने मला वाचवलं होतं आणि आता ती वाट पाहत होती.

"नाही," मी म्हणाले.

दुपारच्या आत मॅडम गेल्या.

संध्याकाळी आईने रोजच्यासारख्या भाकरी थापल्या. शेवटची भाकरी तव्यावर असताना पाठमोरीच म्हणाली, "द्वारकेच्या कागदावर कोणतं बोट लावलंस?"

"मला नावं दिसत नव्हती, आई. मला माहीत नव्हतं की—"

"कोणतं बोट?"

"नाही आठवत."

तिने तवा उतरवला. लिंबाची फोड मिठात बुडवून आणली, माझा हात मांडीवर घेतला आणि एकेक नख घासून काढलं. गावातल्या बायकांचे हात धुवायची तसंच. ना जोरात, ना मायेने. दहाही बोटं झाल्यावर म्हणाली, "जेव जा."

मंगळवारी तिने दोन ओळींचा राजीनामा दिला. कारण लिहिलं नाही. मी विचारलं नाही.

आठवड्याने तिचा ॲप्रन आणि जेवणाचा डबा आणायला मी केंद्रात गेले. ती जाणार नव्हती. बाकावर एक माणूस टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता. त्याच्यासमोर डॉक्टर मोघे उभे होते, हातात तो फॉर्म.

"बघा निवृत्तीराव. तुमच्या मंडळींना सगळं सांगितलं होतं. हा अंगठा."

द्वारकेच्या नवऱ्याला वाचता येत नव्हतं. त्याने कागद दोन्ही हातांत धरला आणि ठशाकडे बराच वेळ पाहिलं. माझे पाय दारात थांबले. मला वाटलं, आता हा म्हणणार, हा तिचा नाही.

"लई साफ उठलाय," तो म्हणाला. "तिचा कवा उठत नव्हता. रेशनच्या दुकानात दर खेपंला कटकट. तुमच्याकडच्या शाईचा गुण आसंल."

"असेल," डॉक्टर म्हणाले.

"सायेब, याची झेराक्स मिळंल का? तिचा फोटू न्हाई घरात. पोरीला दाखवाया काई तरी पायजे."

"मिळेल की! लीदिया, आलीसच आहेस तर एक कॉपी काढून दे यांना. नाही, दोन दे."

मी मशीनचं झाकण उचललं. कागद काचेवर पालथा घालण्याआधी पहिल्यांदाच तो ठसा नीट पाहिला. वरच्या बाजूला एक बारीक आडवी पांढरी रेघ होती. सातवीत मी भोपळा चिरताना बोट कापून घेतलं होतं. उजव्या हाताचं, मधलं.

मी दोन कॉपी काढल्या आणि त्याच्या हातात दिल्या. त्याने एक घडी करून टोपीत ठेवली. दुसरी कपाळाला लावली. मला म्हणाला, "इस्तरबाईला सांग, निवृत्ती आल्ता म्हनून."

मी सांगितलं नाही.

पुढची चौदा वर्षं आई एका खाजगी प्रसूतिगृहात दिवसरात्रीच्या ड्यूट्या करत राहिली. केंद्राचा अहवाल छापून आला. शेवटच्या पानावर आभार होते आणि त्यात 'कागदपत्रांच्या अचूकतेबद्दल सिस्टर ई. भालेराव' असं होतं. प्रत पोस्टाने घरी आली. आईने तिच्या कव्हरात शेंगदाणे बांधून शेजारणीला दिले. त्या तीन दिवसांबद्दल ती माझ्याशी कधी बोलली नाही. माझ्या लग्नात तिने मला भरल्या डोळ्यांनी निरोप दिला, माझी बाळंतपणं केली, माझ्या मुलांना शुभवर्तमान वाचायला शिकवलं. फक्त पुन्हा कधी, कुठलाही आकडा लिहून घ्यायला तिने मला हाक मारली नाही.

गेल्या फेब्रुवारीत तिला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, शुद्ध राहिली. चौथ्या दिवशी सकाळी एक तरुण सिस्टर फॉर्म घेऊन आली. मेंदूच्या तपासणीसाठी संमती हवी होती.

"आजींना सही जमणार नाही, अंगठा घेऊ," ती म्हणाली आणि पॅड उघडला.

आईची डावी मूठ घट्ट होती. सिस्टरने दोनदा बोटं उलगडायचा प्रयत्न केला. मागे आणखी चार पेशंट थांबलेले. ती कंटाळून माझ्याकडे वळली. "ताई, तुमचाच लावा ना पटकन. कोण बघतंय?"

आईचे डोळे माझ्यावर आले.

"नाही," मी म्हणाले. "आधी द्या इकडे. वाचून दाखवते तिला."

मी फॉर्म पहिल्या पानापासून मोठ्याने वाचला, एकही ओळ न गाळता. सिस्टर घड्याळ बघत होती. वाचून झाल्यावर मी आईला विचारलं, कळलं का? तिने पापण्या मिटून उघडल्या. मूठ सैल केली. मी तिचा अंगठा ओल्या रुमालाने पुसला, शाईवर टेकवला, कागदावर दाबला. पन्नास वर्षं साबण, स्पिरिट आणि हातमोजे यांत गेलेला तो अंगठा. कागदावर नुसता काळा डाग आला, मधून दोन भेगा.

"उठला नाही नीट," सिस्टर म्हणाली.

"असू दे. तिचाच आहे."

ती गेली. मी कापूस भिजवून आईचा अंगठा पुसायला घेतला. पुसता पुसता म्हटलं, "मधलं होतं, आई. उजव्या हाताचं मधलं."

तिने ऐकलं. माझ्या हातातून तिने हात काढून घेतला नाही. धरलाही नाही.